टूर्नामेंट (मध्ययुगीन)

मध्ययुगीन युरोपातील घोडेस्वार सरदारांचा सशस्त्र झुंजीचा खेळ. अकराव्या शतकाच्या अखेरीस तो उत्तर फ्रान्समध्ये रुजला आणि तिथून सर्वत्र पसरला. आजच्या कल्पनारम्य कादंबऱ्यांत जीवघेणी स्पर्धा आणि निषिद्ध प्रेम हातात हात घालून येतात. ही जोडी जमली ती बरीचशी याच मैदानावर.

दोन घोडेस्वार आणि मधे लाकडी कठडा, हा चित्रपटांनी ओळखीचा केलेला देखावा फार उशिराचा. कठडाच मुळी पंधराव्या शतकातला. बाराव्या शतकात टूर्नामेंट म्हणजे ‘मेले’ (फ्रेंच शब्द, अर्थ घोळक्याची झुंज): दोन तट शेतमळे तुडवत दिवसभर एकमेकांवर तुटून पडत. ठार मारण्याचा हेतू नसे, कारण मेलेल्याकडून पैसे मिळत नाहीत. प्रतिस्पर्ध्याला पकडायचे, त्याचा घोडा आणि चिलखत ताब्यात घ्यायचे, खंडणी घेऊन सोडून द्यायचे. वाट्याला जमीन न आलेल्या धाकट्या मुलांचा हा चक्क धंदा होता. त्यांतला सर्वांत नावाजलेला इंग्लंडचा विल्यम मार्शल. त्याने एका जोडीदाराबरोबर भागीदारी केली आणि दोघांनी दहा महिन्यांत १०३ सरदार पकडले, असे त्याचे पद्यचरित्र सांगते. ते त्याच्या मुलाने लिहवून घेतले होते, हे वाचताना ध्यानात ठेवावे.

हेतू नसला तरी माणसे मरतच. १२४१ मध्ये जर्मनीतील नॉयस येथे एकाच खेळात साठांहून अधिक जण दगावले. त्यांतले कित्येक धुळीने आणि उष्म्याने गुदमरून. चर्चने ११३० मध्येच क्लेरमाँच्या धर्मसभेत या खेळावर बंदी घातली होती आणि त्यात मरणाऱ्याला ख्रिस्ती दफन नाकारले होते. बंदी कुणी फारशी जुमानली नाही. १३१६ मध्ये पोप बाविसावा जॉन याने ती उठवली. इंग्लंडच्या पहिल्या रिचर्डने ११९४ मध्ये त्याहून व्यवहारी तोड काढली. पाच जागा ठरवून दिल्या आणि परवाना शुल्क लावले: अर्लला, म्हणजे बड्या उमरावाला, २० मार्क (तेव्हाचे पैशाचे एकक), बिनजमिनीच्या सरदाराला २.

प्रेमाचा धागा दरबारी काव्यातून आला. आपल्या पुराणांतल्या स्वयंवरात पैज जिंकणाऱ्याच्या गळ्यात वरमाला पडते. इथे उलटे: जिच्यासाठी भाला पेलायचा ती बहुधा दुसऱ्याची, पुष्कळदा आपल्याच धन्याची, बायको. तिने दिलेली बाही किंवा ओढणी अंगावर मिरवत सरदार मैदानात उतरे. बाराव्या शतकातला फ्रेंच कवी क्रेतिएँ द त्रुआ याच्या लान्सलॉट या सरदाराविषयीच्या काव्यात त्याची प्रेयसी, म्हणजे त्याचा धनी आर्थर राजा याची राणी ग्विनिव्हिर, त्याला निरोप धाडते, ‘तू अगदी वाईट खेळ’. तो मुकाट्याने हरत राहतो, लोकांची टिंगल सोसतो. शंभर विजयांनी सिद्ध झाले नसते ते प्रेम इथे पराभवाने सिद्ध होते. काव्य आणि वास्तव यांत फार अंतरही नव्हते. ११८२ च्या सुमारास खुद्द मार्शलवर त्याच्या धन्याच्या, म्हणजे ‘धाकटा राजा’ हेन्री (बापाच्या हयातीतच अभिषेक झालेला इंग्लंडचा राजपुत्र) याच्या राणीशी, मार्गरेटशी, संबंध असल्याचा आळ आला आणि त्याला दरबार सोडावा लागला. बऱ्याच इतिहासकारांना हा मत्सरी सहकाऱ्यांचा बनाव वाटतो.

खेळाचा शेवटचा मोठा बळी राजाच होता. ३० जून १५५९ रोजी पॅरिसच्या सेंत-आंत्वान रस्त्यावर, मुलीच्या आणि बहिणीच्या विवाहसोहळ्यात, फ्रान्सचा दुसरा हेन्री भाला घेऊन उतरला. अंगावर काळा-पांढरा रंग होता; राणी काथरीनचा नव्हे, तर दिआन द पुआतिए या प्रेयसीचा. स्कॉटिश रक्षकदलाचा कप्तान माँगोमेरी याचा भाला मोडला आणि त्याची ढलपी शिरस्त्राणातून उजव्या डोळ्यापाशी घुसली. आंब्रुआझ पारे आणि व्हेसेलियस यांच्यासारखे त्या काळचे नामांकित वैद्य हजर असूनही १० जुलैला राजा मरण पावला. काथरीनने दिआनला त्याच्या बिछान्याजवळ फिरकू दिले नाही, शनाँसोचा किल्ला तिच्याकडून काढून घेतला आणि राजाने जिथे प्राण सोडला तो तुर्नेल राजवाडा पुढे पाडून टाकला. तिथे आता व्होज चौक आहे.