पांढरं ते सगळं कोड नव्हे

जूनमध्ये शाळा उघडली की परभणी-बीडकडं पोरांच्या गालांवर फिकट ठिपके हमखास दिसतात. शेजारीण म्हणते, "कॅल्शियम कमी पडलंय." आजीचं निदान ठरलेलं : "जंत झालेत!" डाग यातल्या कशाचाच नसतो. तो सौम्य इसबाचा प्रकार. कोरड्या पडलेल्या जागी रंगद्रव्य कमी बनतं. उन्हाळाभर हुंदडून बाकीचा गाल रापतो, तेवढी जागा रापत नाही, म्हणून डाग उठून दिसतो. साधं मलम लावून कातडी मऊ ठेवावी आणि काही महिने धीर धरावा.

मोठ्यांचं दुखणं वेगळं. पारा चाळिशी ओलांडतो, बनियन घामानं भिजून अंगालाच वाळतं आणि पाठीवर, छातीवर शिबं उठतात. मलासेझिया ही बुरशी सगळ्यांच्याच कातडीवर राहते. घाम आणि तेलकटपणा मिळाला की माजते. तिच्यापासून तयार होणारं एक आम्ल मेलॅनिन (कातडीचं रंगद्रव्य) बनवणाऱ्या विकरालाच (एन्झाइमलाच) अडवतं. डाग नखानं हलकेच खरवडा, पिठासारखा कोंडा निघेल. कीटोकोनॅझोलनं बुरशी मरते, पण रंग भरायला महिने लागतात. इथंच घोळ होतो. औषध लागू पडलं नाही असं समजून माणूस मेडिकलवरून 'सगळ्यावर चालणारी' ट्यूब आणतो. तिच्यात बहुतेकदा स्टिरॉइड असतं आणि ते बुरशीच्याच पथ्यावर पडतं.

आजोबांच्या नडगीवरचे साबुदाण्याएवढे ठिपके वयाचे आणि उन्हाचे. त्यांच्या वाटेला जाऊ नये.

डाग कुठलाही असो, डोळे मिटून त्यावर कापसाची वात फिरवून घ्या. स्पर्श कळला नाही, तर कुष्ठरोगाची शंका घेऊन तडक सरकारी दवाखाना गाठा. तिथं औषध फुकट मिळतं. प्रकारानुसार 6 किंवा 12 महिने घ्यावं लागतं. स्पर्श कळला म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका. चेहऱ्यावरच्या डागात संवेदना शाबूत असू शकते.

कोडाचा डाग खडूसारखा पांढराशुभ्र, कडा स्पष्ट, कोंडा नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच रंगपेशींवर उलटते. शिवल्यानं तो पसरत नाही, आणि दूध-मासे एकत्र खाल्ल्यानं होतो हीही निव्वळ दंतकथा. तरी सोयरिकी मोडतातच.

कपाळावरचा डाग असेल तर आधी टिकली काढून बघा. काही टिकल्यांच्या गोंदातलं रसायन रंगपेशी मारतं आणि खाली टिकलीच्याच मापाचा पांढरा गोल उमटतो. टिकली लगेच सोडली तर काहींचा रंग परततो. मापानं मोठी टिकली लावून तो गोल झाकला, तर तोही वाढत जातो.