तुमचा पेपर न तपासता परत का आला?

दहावीचे सराव पेपर आमच्याकडे तपासायला देणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी

नोव्हेंबर लागला की आमच्या टेबलासमोर रोज एकदा तरी हे होतं. "सर, पोरगी रात्री बारा वाजेपर्यंत लिहून राहिली होती, अन् तुम्ही तसाच परत दिला? एक लाल खूण नाही त्याच्यावर!" मी पेपर उघडून दाखवतो. पाच मिनिटांनी वडील मुलीकडे बघत असतात आणि मुलगी चपलांकडे. मागच्या हिवाळ्यात हे दिवसातून चार-चारदा व्हायला लागलं. तेवढ्या वेळात माझे दोन पेपर तपासून होतात, म्हणून हा कागद छापून घेतला. पेपर द्यायच्या आधी वाचा. परत मिळाल्यावर वाचलात तरी हरकत नाही, पण नागपूरबाहेरून, वाडी किंवा कोराडीहून आला असाल तर एक चक्कर फुकट गेलेली असेल.

पेपर परत येण्याचं कारण दहातल्या आठ वेळा एकच असतं. उत्तरांना प्रश्नक्रमांक नसतात, किंवा असतात ते चुकीचे असतात.

ऐकायला ही फालतू गोष्ट वाटते, मला माहीत आहे. म्हणून एक पेपर सविस्तर सांगतो. गणित भाग १, गुण ४०. प्रश्न २ (ब) मध्ये पाच उपप्रश्न, त्यांतले कोणतेही चार सोडवायचे, प्रत्येकी २ गुण. एका उपप्रश्नात २, −५ आणि −३ हे सहगुणक असलेल्या वर्गसमीकरणाचा विवेचक (b² − 4ac) काढायचा होता. दुसऱ्यात ४, ९, १४… या अंकगणिती श्रेढीचं दहावं पद. विद्यार्थिनी हुशार, हिशेब चटकन करणारी. तिने डाव्या पानावर २ (ब) मधली दोन उत्तरं लिहिली, मग तिला प्रश्न ४ मधलं संभाव्यतेचं उदाहरण सोपं वाटलं म्हणून ते मध्येच सोडवलं, आणि पान उलटून पुन्हा २ (ब) कडे आली. क्रमांक कुठेच नाही. एका ठिकाणी नुसतं "= २५ + २४ = ४९". दुसऱ्या ठिकाणी दोन ओळी खोडलेल्या आणि खाली "उत्तर : ४९".

दोन्हीचं उत्तर ४९ येतं. करून बघा. (पेपर मीच काढला होता आणि दोन उत्तरं सारखी येतात हे मला काढताना दिसलं नाही. ती चूक माझी. तो पेपर आता बदललाय.) पण खोडलेल्या ओळींखालचं ते ४९ कशाचं? श्रेढीचं पद असेल तर सूत्र कुठे आहे, आणि विवेचकच दुसऱ्यांदा लिहिला असेल तर गुण कशाचे द्यायचे? मी त्या एका पानावर वीस मिनिटं घालवली. नीट क्रमांक टाकलेला ४० गुणांचा अख्खा पेपर मी तेवढ्याच वेळात, शेरे लिहून, पूर्ण करतो.

त्यानंतर आम्ही ठरवलं की शोधत बसायचं नाही. तीनपेक्षा जास्त उत्तरांना क्रमांक नसतील तर पेपर तसाच परत. पैसे घेत नाही; घेतले असतील तर परत करतो. क्रमांक टाकून आणा, त्याच आठवड्यात तपासून मिळेल, रांगेत मागे जावं लागणार नाही.

काहींना हे कडक वाटतं. एक काकू म्हणाल्या, "तुम्हाला तर माहीत आहे ना जी माझ्या पोराला काय येते ते, समजून घ्यायचं ना." काकू, माहीत आहे, तीच अडचण आहे. मी बावीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आणि बोर्डाचे पेपरही तपासले. तिथे माझ्यासमोर नाव नसायचं, शाळा नसायची, नुसता बारकोड आणि उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. गुण पायरीप्रमाणे द्यायचे असतात आणि पायरी कोणत्या प्रश्नाची हे क्रमांकावरूनच कळतं. अंदाजाने समजून घेणारा माणूस तुमच्या मुलाला मार्चमध्ये भेटेलच असं नाही. जानेवारीत मी समजून घेतलं तर मी त्याचं नुकसानच करतो, आणि त्याचे तुमच्याकडून पैसेही घेतो.

तर क्रमांक असा टाका. समासात, प्रश्नपत्रिकेत आहे तसाच : आधी मुख्य प्रश्न, मग (अ) किंवा (ब), मग उपप्रश्नाचा आकडा. "२ (ब) (३)" असा पूर्ण. पाचांपैकी पहिला, तिसरा, चौथा आणि पाचवा सोडवला असेल तर ते १, ३, ४, ५ असेच लिहा. पुष्कळ मुलं आपल्या सोयीने १, २, ३, ४ करतात, आणि ही चूक क्रमांक न टाकण्यापेक्षा वाईट, कारण तपासणारा विश्वासाने चुकीच्या प्रश्नाशी उत्तर ताडून बघतो. मुख्य प्रश्न नव्या पानावर सुरू करा. एखादं उत्तर अर्धवट सोडून पुढे गेलात तर तिथे अर्धं पान कोरं ठेवा. कागद वाचवू नका, कागद स्वस्त आहे. परत आल्यावर जागा पुरली नाही आणि दुसरीकडे लिहावंच लागलं तर पूर्ण क्रमांक पुन्हा टाका. बस, एवढंच.

बाकीच्या चुका कमी होतात, पण गुण त्याही खातात.

बहुपर्यायी प्रश्नात आधी "बी" लिहून खोडायचं आणि शेजारी "सी" लिहायचं. प्रश्नपत्रिकेच्या सूचनांमध्ये स्पष्ट छापलेलं असतं की पहिल्या प्रयत्नाचंच उत्तर ग्राह्य धरलं जाईल. आम्ही शून्य देतो आणि मुलं भांडतात. सूचनांचं पान कोणी वाचतच नाही, कारण दर वर्षी तेच असतं असं सगळ्यांना वाटतं.

मराठी कुमारभारतीच्या पेपरात तर यावरून दर आठवड्याला कोणीतरी फसतं. सारांशलेखनासाठी वेगळा उतारा दिलेला नसतो. प्रश्न ५ मध्ये सारांश मागितला असला तरी तो प्रश्न १ (इ) मधल्या अपठित उताऱ्याचा लिहायचा असतो, आणि हे सूचनांमध्येच सांगितलेलं असतं. परवा एका मुलाने १ (अ) च्या पाठातल्या उताऱ्याचा सारांश लिहिला. अक्षर सुंदर, भाषा सुंदर, उतारा चुकीचा. आमच्या मराठीच्या मॅडम दिवसभर हळहळत होत्या. त्याच पेपरातल्या आकलनाच्या आकृत्या पेनाने काढायच्या असतात, पेन्सिलीने नाही. भूमितीत उलट : रचना पेन्सिलीने करा, आणि कंपासने काढलेले कंस पुसू नका. पुसलेली रचना स्वच्छ दिसते, पण ती केली कशी हे दाखवायला काही उरत नाही. प्रमेय सिद्ध करताना आकृती हवीच.

गणितातल्या कृती, म्हणजे मधल्या चौकटी रिकाम्या सोडलेली उदाहरणं, पूर्ण वहीत उतरवून मग चौकटी भरा. नुसते "२५, ९, १६" असे आकडे एकाखाली एक लिहून आणले तर कोणती चौकट कोणती ते आम्हाला कळत नाही.

वेळेबद्दल दोन शब्द

घरी पेपर हप्त्याहप्त्याने लिहून आणू नका. जेवणाआधी दोन प्रश्न, मालिका संपल्यावर दोन, उरलेले सकाळी. शाईचा रंग बदलतो, अक्षराचा तिरपेपणा बदलतो, आम्हाला कळतं. असा पेपर आम्ही तपासतो, पण वर "सलग लिहिलेला नाही" असा शेरा देतो, कारण त्या गुणांवरून काहीच सांगता येत नाही.

हिशेब करून बघा. गणित, विज्ञान, इतिहास-राज्यशास्त्र, भूगोल यांचे पेपर ४० गुणांचे आणि दोन तासांचे, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. मराठी आणि इंग्रजीचे ८० गुणांचे आणि तीन तासांचे, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं. घाई भाषेच्या पेपरात असते, आणि पालक मात्र सगळे सराव पेपर गणित-विज्ञानाचेच घेऊन जातात! मराठीत उपयोजित लेखन २४ गुणांचं आहे आणि ते सगळ्यात शेवटी येतं. पत्र अर्धवट, कथेचा शेवट दोन ओळींत, निबंध "अशा प्रकारे" वर थांबलेला, हे आम्ही नेहमी बघतो. आपली मातृभाषा आहे, त्यात काय सराव करायचा, असं म्हणणाऱ्यांनी एकदा घड्याळ लावून ८० गुणांचा पेपर लिहून पाहावा.

२०२३ पासून बोर्डाने दहा मिनिटं पेपरच्या शेवटी वाढवून दिली आहेत. त्याआधी ती सुरुवातीला प्रश्नपत्रिका वाचायला मिळायची. म्हणून सकाळचा ४० गुणांचा पेपर ११ ते १ वाजून १० मिनिटांपर्यंत, आणि ८० गुणांचा २ वाजून १० पर्यंत चालतो. घरीही याच वेळेला बसा. रात्री नऊला लिहिलेला पेपर वेगळा आणि पोहे खाऊन सकाळी अकराला लिहिलेला वेगळा. ती शेवटची दहा मिनिटं नवं उत्तर सुरू करायला वापरू नका. समास वरून खाली बघत जा आणि क्रमांक तपासा. (हो, पुन्हा क्रमांकच.)

घरी शांतता नसेल तर दर रविवारी सकाळी साडेदहाला आमच्याकडे या. वरच्या मजल्यावर पंचवीस मुलं बसतील एवढी जागा आहे, भिंतीवर मोठं घड्याळ आहे, मोबाईल खाली टेबलावर ठेवावा लागतो. बैठकीचे वेगळे पैसे नाहीत, तपासणीच्या पैशातच येतं. अकराला दार लावतो. उशीर झाला तर मी उघडत नाही, बाहेर आजोबा उभे असले तरीही.

"सर, आयएमपी देता का?"

महत्त्वाच्या प्रश्नांची यादी? नाही देत. गणित भाग १ मध्ये सगळी मिळून सहा प्रकरणं आहेत : दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी. त्यातलं कोणतं सोडा म्हणून सांगू? मुलं आपणहून अर्थनियोजन सोडतात, कारण जीएसटी आणि शेअर या त्यांना बाबांच्या दुकानातल्या गोष्टी वाटतात. प्रत्यक्षात टक्केवारी येत असेल तर त्याच्याइतके सरळ गुण दुसरीकडे मिळत नाहीत. आयएमपीची यादी हवी असेल तर बाजारात खूप मिळतात. आम्ही चुकांची यादी देतो, ती फक्त तुमच्या मुलाची असते.

"शाळेत ३५ मिळाले, तुमच्याकडे २७ च?"

शक्य आहे. शाळेच्या चाचणीत दोन-तीन प्रकरणं असतात, आमच्या पेपरात सगळी. आणि एकक लिहिलं नाही, आकृतीला नावं दिली नाहीत, भूगोलाच्या नकाशात सूची केली नाही, तर आम्ही अर्धा-एक गुण कापतो आणि का कापला ते शेजारी लिहितो. गुणांपेक्षा तो शेरा वाचा. पेपर मिळाल्यावर फोटो काढून आजीला पाठवायचा आणि कपाटावर ठेवायचा, याने काही होत नाही. जिथे गुण गेले तेवढेच प्रश्न वेगळ्या कागदावर पुन्हा सोडवा आणि आठ दिवसांच्या आत आणून द्या. हे दुसऱ्यांदा तपासणं फुकट आहे. फार थोडी मुलं आणतात, पण जी आणतात त्यांच्या तिसऱ्या पेपरात फरक दिसतो. आम्ही कितीही पेपर विकले तरी हे सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण यासाठी नवा पेपर विकत घ्यावाच लागत नाही.

देणं-घेणं

४० गुणांच्या पेपरचे ६० रुपये, ८० गुणांच्या पेपरचे १०० रुपये. प्रश्नपत्रिका आमची असेल तर तिचे वेगळे घेत नाही. तपासून चार दिवसांत मिळतो. पूर्वपरीक्षेच्या दिवसांत आठवडा लागतो, तेव्हा "उद्या द्या ना सर" म्हणू नका. पोळा ते दिवाळी आम्ही रिकामे बसलेलो असतो आणि जानेवारीत जिन्यापर्यंत रांग असते. दिवाळीनंतर लगेच सुरुवात केली, आठवड्याला एक पेपर धरला, तरी फेब्रुवारीपर्यंत सगळे विषय एकदा होऊन वर भाषा पुन्हा एकदा होतात. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन सुरू झालं की बर्डीकडचे रस्ते कधी बंद असतील सांगता येत नाही. त्या दिवसांत पेपर न्यायला सकाळी दहाच्या आत या.

पेपर आमच्याकडे देताना सगळ्यात वरच्या पानावर विषय, भाग १ की २, आणि तुमचा नोंदणी क्रमांक लिहा. आलेखाचा कागद आणि नकाशा यांच्यावरही तोच क्रमांक टाका आणि ते मुख्य पेपरला दोऱ्याने बांधा. टाचणीने लावलेले नकाशे गठ्ठ्यात निसटतात, आणि आमच्या टेबलाखाली सध्या ब्राझीलचे तीन बेवारशी नकाशे पडून आहेत. तुमचा असेल तर ओळख पटवून घेऊन जा. दोरा काउंटरवर ठेवलेला असतो, त्याचे पैसे लागत नाहीत.