टायगर की वनामी? निर्यातीच्या कोळंबीतला खरा फरक

मासळीची निर्यात वाढली अशी बातमी आली की ती बहुतेक कोळंबीचीच बातमी असते. 2023-24 मध्ये भारतातून सुमारे 60,500 कोटी रुपयांची मासळी बाहेर गेली. त्यातले जवळपास 40,000 कोटी एकट्या गोठवलेल्या कोळंबीचे. पण कोणत्या कोळंबीचे? टायगर आणि वनामी या कोळंबीच्या दोन जातींत लोकांचा सर्रास घोळ होतो, आणि शिजल्यावर दोन्ही लालसर झाल्या की ओळखणं आणखी कठीण.

कच्ची असताना पाहा. टायगरच्या अंगावर काळपट आडवे पट्टे असतात, कवच जाड. वनामी फिकट, अर्धवट पारदर्शक, पायही पांढरट.

टायगर आपल्या समुद्रातली. वनामी मूळची मेक्सिको ते पेरूच्या किनाऱ्यावरची. भारतात तिच्या शेतीला 2009 मध्ये परवानगी मिळाली. त्याआधी तळ्यांत टायगरचंच राज्य होतं. 1994-95 मध्ये पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला आणि तळीच्या तळी बसली. माझ्या मते दुखणं बीजात, म्हणजे तळ्यात सोडायच्या पिल्लांत होतं. टायगरची अंड्यांवर आलेली मादी समुद्रातून धरून आणावी लागे. ती विषाणू घेऊन आली तरी वरून कळत नसे. वनामी मात्र कित्येक पिढ्या बंदिस्त टाक्यांत वाढलेली. तिचे नर-माद्या परदेशातून विमानाने येतात, चेन्नईच्या विलगीकरण केंद्रात तपासले जातात आणि मगच हॅचरीत, म्हणजे पिल्लं तयार करणाऱ्या केंद्रात पोचतात. निर्यातीची मोठी उडी या व्यवस्थेमुळे शक्य झाली. (रोगमुक्त बीज म्हणजे रोग न होणारं बीज नव्हे. तळ्यात विषाणू शिरला तर वनामीही मरते.)

शिवाय टायगर तळाशी वावरते, वनामी पाण्याच्या सगळ्या थरांत. म्हणून वनामीची चौरस मीटरला 60 पर्यंत पिल्लं सोडायला मुभा आहे, आणि तिला खाद्यात प्रथिनंही कमी लागतात.

भावाचं गणित वेगळं. निर्यातीत भाव ‘काउंट’वर ठरतो : 16/20 म्हणजे एका पौंडात 16 ते 20 नग. वनामीचा बराच माल मधल्या काउंटचा, आणि तोच माल इक्वेडोर आपल्यापेक्षा जास्त पिकवतो. त्यात आपलं सर्वांत मोठं गिऱ्हाईक अमेरिका. ऑगस्ट 2025 मध्ये तिथलं आयातशुल्क 50 टक्क्यांवर गेलं तेव्हा आंध्रच्या तळ्यांपर्यंत झळ पोचली. एकाच जातीवर आणि एकाच बाजारावर इतका भार टाकणं मला धोक्याचं वाटतं.

मोठ्या आकाराच्या टायगरला जपानसारख्या बाजारात मान आहे. आता हवाई आणि मादागास्करहून टायगरचंही रोगमुक्त बीजधन (पिल्लांसाठीचे नर-माद्या) येऊ लागलंय, म्हणजे तिची जुनी अडचण सुटू शकते. पालघर-रायगडच्या शेतकऱ्याने एखाद्या तळ्यात कमी दाटीने टायगर जरूर लावून पाहावी. बीज कोणतंही असो, हॅचरीकडून पीसीआर तपासणीचा (विषाणू शोधणाऱ्या चाचणीचा) अहवाल हातात आल्याशिवाय ते तळ्यात सोडू नये.