नमुने गटवार पाठवू नयेत : आतड्यातील जिवाणू व मानसिक आरोग्य यांच्या संशोधकांसाठी

नैराश्याच्या रुग्णांचे सर्व विष्ठा-नमुने आधी आणि निरोगी व्यक्तींचे दोन महिन्यांनी, अशी पार्सले आमच्या प्रयोगशाळेकडे नेहमी येतात. मग पहिले खोके फ्रीझरमध्ये थांबते आणि ‘काम अजून सुरू का नाही?’ अशी विचारणा होते.

डीएनए वेगळा करण्याच्या किटचा लॉट (एका वेळी तयार झालेला साठा) बदलला की जिवाणूंचे दिसणारे प्रमाण बदलू शकते. शिवाय किटच्या द्रावणांतही जिवाणूंचा थोडाफार डीएनए असतोच. एका लॉटमध्ये सगळे रुग्ण आणि दुसऱ्यात सगळे निरोगी लोक गेले, तर आढळलेला फरक आजाराचा की किटचा, हे नंतर कितीही आकडेमोड केली तरी ठरवता येत नाही. म्हणून दोन्ही गटांचे नमुने हाती आल्यावर, त्यांचा क्रम सोडत काढल्याप्रमाणे मिसळूनच आम्ही ते कामाला घेतो आणि प्रत्येक बॅचमध्ये, किटमधूनच आलेला डीएनए ओळखता यावा म्हणून, नमुना नसलेली एक कोरी नळीही चालवतो. या नळीचे शुल्क काहींना खटकते. मात्र शोधनिबंध परीक्षकाकडे गेल्यावर तिचा उपयोग कळतो.

नळीवर केवळ सांकेतिक क्रमांक असावा. रुग्ण कोण, हे आम्हाला कळू नये, यातच आपले हित आहे.

नमुन्यांसोबतच्या तक्त्यात औषधांचा रकाना मात्र कोरा ठेवू नये. हायडेलबर्गच्या युरोपियन मॉलिक्युलर बायॉलॉजी लॅबोरेटरीतील संशोधकांनी २०१८ मध्ये हजारावर औषधे आतड्यातील ४० जिवाणूंवर तपासली, तेव्हा प्रतिजैविके नसलेल्या औषधांपैकीही सुमारे पाव औषधांनी किमान एका जिवाणूची वाढ रोखली, आणि मनोविकारांवरील औषधे त्यांत ठळक होती. बेल्जियममधील २०१९ च्या अभ्यासात नैराश्य असलेल्यांत कॉप्रोकॉकस व डायलिस्टर हे जिवाणू कमी आढळले. औषधांचा परिणाम वजा करूनही हे टिकले, असे त्यांना म्हणता आले ते औषधांची नोंद ठेवल्यामुळेच. मलाचा घट्टपणाही ब्रिस्टल मापनानुसार १ ते ७ मध्ये लिहावा, कारण जिवाणूंचे प्रमाण त्यानुसारही बदलते.

केवळ कोणत्या प्रजाती-गटांचे जिवाणू आहेत एवढेच पाहायचे असेल, तर १६एस चाचणी (जिवाणूंची ओळख पटवणारे एकच जनुक वाचणारी) पुरते. त्यांची जनुके कोणते काम करू शकतात हा प्रश्न असेल, तर शॉटगन सिक्वेन्सिंगचा (नमुन्यातील सगळाच डीएनए वाचण्याचा) खर्च टळत नाही.

घरी नमुना घेणाऱ्यांसाठी आमच्याकडे परिरक्षक द्रावणाच्या नळ्या मिळतात. त्या घेतल्यास संपूर्ण अभ्यासात त्याच वापराव्यात. पहिला नमुना घेण्यापूर्वी दूरध्वनी केल्यास नमुने घेण्याचे वेळापत्रक आम्ही विनामूल्य आखून देतो. नैतिकता समितीच्या मंजुरीची प्रत तेवढी सोबत असावी.