साखर घरी कळते, मग लेप्टो का नाही?
(आमच्या लॅबच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

भातलावणी सुरू झाली की आमच्या काउंटरवर हा प्रश्न हमखास येतो: साखर घरच्या घरी मोजता येते, मग लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, चिखल-पाण्यातून होणारा जंतूंचा ताप) का नाही? प्रश्न रास्त आहे.

साखर मोजायची पट्टी हा विद्युत-रासायनिक बायोसेन्सरच. पट्टीवरच्या एन्झाइमची रक्तातल्या ग्लुकोजशी क्रिया होते, त्यात इलेक्ट्रॉन सुटतात आणि यंत्र तेवढा सूक्ष्म प्रवाह मोजून आकडा दाखवतं. मूळ कल्पना लेलँड क्लार्क यांची, 1962 सालची. जंतू ओळखायचे असतील तर इलेक्ट्रोडवर (प्रवाह वाहून नेणाऱ्या टोकावर) अँटिबॉडी (ठरावीक जंतूला चिकटणारं प्रथिन) किंवा डीएनएचा तुकडा बसवतात. नेमका तोच जंतू किंवा त्याचा अंश चिकटला की प्रवाह बदलतो.

अडचण वेगळीच आहे. रक्तात ग्लुकोज मुबलक असतं, जंतू फार थोडे. थेंबभर रक्तात ते हुडकणं म्हणजे आंगणेवाडीच्या जत्रेत आपला एक माणूस शोधणं. त्यात रक्तातली इतर प्रथिनं इलेक्ट्रोडवर बसून गोंधळ घालतात. म्हणून बऱ्याच यंत्रांत जंतूचं डीएनए आधी वाढवून मग प्रवाह मोजतात. क्लॅमिडिया आणि गोनोरियासाठी अशा एका यंत्राला अमेरिकेत 2019 मध्ये मान्यता मिळाली.

डेंग्यू आणि लेप्टोसाठी आम्ही मात्र अजून कार्ड (थेंब टाकून रेघ बघायची झटपट चाचणी) आणि एलायझा (लॅबमध्ये रंगावरून अँटिबॉडी किंवा जंतूचा अंश ओळखणारी चाचणी) हेच वापरतो. कार्डावर दिसते ती रंगाची रेघ, तिथे वीज मोजली जात नाही. घरबसल्या ‘तापाचा सेन्सर’ विकायला कोणी आलं, तर केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेचा परवाना आधी मागा. बहुतेक जण तिथूनच परततील.

तंत्र कोणतंही असो, दिवस महत्त्वाचा. डेंग्यूची एनएस-1 (विषाणूच्या प्रथिनाची) तपासणी पहिल्या चार-पाच दिवसांत उपयोगी, पुढे आयजीएम (शरीरानं बनवलेल्या अँटिबॉडीची) तपासणी. लेप्टोची अँटिबॉडीही साधारण पाच-सात दिवसांनंतरच सापडते. म्हणजे दुसऱ्या दिवशीचा ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट घेऊन निर्धास्त पुन्हा चिखलात उतरू नका. लेप्टोचा संशय असेल तर डॉक्टर रिपोर्टची वाट न पाहता औषध सुरू करतात. ते योग्यच आहे.

साखरेच्या पट्ट्यांबद्दलही सांगून ठेवतो: आपल्याकडच्या दमट हवेत डबीचं झाकण उघडं राहिलं तर पट्ट्या खराब होतात. आंबा खाल्ल्यावर हात धुऊन, पुसूनच बोट टोचा. बोटावरचा रसही साखर म्हणून मोजला जातो.

तपासणीला येताना ताप कोणत्या दिवशी आला आणि पायाला जखम असताना शेतात उतरला होतात का, हे लिहून आणा.