आमदारकीच्या उमेदवाराचं पत्रक आणि त्यातल्या तीन शब्दांमागचं पुणं

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेच्या वेळी पेपरात घालून जी पत्रकं यायची त्यातलं एक मी रद्दीत टाकलं नाही, अजून टेबलाच्या खणात आहे. गुळगुळीत कागद, वर हात जोडलेला फोटो, खाली तीन चौकोन आणि त्यात आरोग्य, सुरक्षा, मतदान. आरोग्याखाली जवळ दवाखाना, सुरक्षेखाली कॅमेरे आणि रात्रीची गस्त, मतदानाखाली 'यादीत नाव नसेल तर आमच्या कार्यालयात या'. आम्ही सिंहगड रोडला राहतो, इथल्या माणसाला या तिन्ही गोष्टी हव्यातच, त्यामुळे पत्रक चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. पण हे तीन शब्द एका कागदावर कुठून आले आणि त्यातलं आमदाराच्या हातात नक्की काय असतं, हे बघायला मागे जावं लागतं, आणि पुण्यात मागे जायचं म्हणजे १८९७.

प्लेग मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरात आला आणि काही महिन्यांत पुण्यात. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला, अगदी छोटा, चारच कलमांचा, आणि त्यातलं शेवटचं कलम असं की या कायद्याखाली सद्भावनेनं काही केलं असेल तर करणाऱ्यावर दावा लावता येणार नाही. मग प्लेगच्या बंदोबस्तासाठी रँड या इंग्रज अधिकाऱ्याला नेमलं आणि पेठांमध्ये गोरे सोल्जर घरात शिरायला लागले. देवघरापर्यंत जायचे, बायाबापड्यांना बाहेर काढून तपासायचे, सामान रस्त्यावर टाकायचे किंवा जाळायचे, आजारी माणसाला उचलून न्यायचे. साथ थांबवायला हवी होती हे खरंच, पण दाद मागायची कुठे? मुंबई कायदे कौन्सिल होतं, टिळक त्यात सभासद होते, पण पेठेत राहणाऱ्या साध्या माणसाला त्या कौन्सिलसाठी मत नव्हतं. २२ जून १८९७ ला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, सोबतचा आयर्स्ट जागीच गेला आणि रँड काही दिवसांनी.

त्याच वर्षी, त्याच शहरात, हडपसरजवळच्या माळरानावर सावित्रीबाई आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत प्लेगच्या रोग्यांना सांभाळत होते. मुंढव्याच्या एका पोराला प्लेगची गाठ आली म्हणून सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर टाकून दवाखान्यात आणलं, आणि स्वतः त्याच आजारानं १० मार्च १८९७ ला गेल्या. मला हे दोन प्रसंग एकमेकांशेजारी ठेवल्याशिवाय राहवत नाही, एकीकडे आरोग्याच्या नावानं बंदूक घेऊन दारात उभा असलेला सरकारी माणूस आणि दुसरीकडे पाठीवर रोगी घेऊन चालणारी सहासष्ट वर्षांची बाई. आरोग्य, सुरक्षा आणि मत हे तीन वेगळे चौकोन नव्हतेच तेव्हा, मत नव्हतं म्हणून बाकीच्या दोन्हीचा जाच झाला. आणि तो १८९७ चा कायदा कुठे गेला नाही, १३ मार्च २०२० ला कोरोनासाठी महाराष्ट्रात पुन्हा तोच लावला, पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडल्यावर चार दिवसांनी.

राज्यघटना आली तेव्हा कामांची वाटणी झाली. सातव्या परिशिष्टात राज्यसूची आहे, त्यात सार्वजनिक सुव्यवस्था, पोलीस, सार्वजनिक आरोग्य आणि दवाखाने हे सगळं राज्याकडे, म्हणजे विधानसभेकडे. त्यामुळे पत्रकातले पहिले दोन चौकोन आमदाराच्या अंगणातलेच आहेत, तिसरा मात्र नाही. विधानसभा-लोकसभेच्या मतदार याद्या आणि निवडणुका हे कलम ३२४ नं निवडणूक आयोगाचं काम, आणि महापालिकेच्या निवडणुकीसाठी राज्य निवडणूक आयोग वेगळा.

महाराष्ट्र झाला १ मे १९६० ला. नव्या राज्याची पहिली विधानसभा निवडणूक १९६२ ला, आणि त्याच्या आधीच्याच पावसाळ्यात, १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं आणि अर्धं पुणं पाण्याखाली. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर हे भाग पूरग्रस्तांच्या वसाहती म्हणून उभे राहिले. आमच्या आजीकडची पितळेची कळशी त्या पुरातून वाचलेली, तिच्या बुडाला अजून पोचा आहे. आजीसाठी सरकार म्हणजे ते घर, जे पुरानंतर मिळालं, आणि मत द्यायला ती कधी चुकली नाही. पुण्यात 'सुरक्षा' म्हटलं की आधी पाणी आठवणारी एक पिढी आहे, आणि तिचं बरोबरच आहे, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्यानं कात्रजपासून अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनीपर्यंत माणसं वाहून नेली आणि २५ जुलै २०२४ ला आमच्याच रोडवर एकतानगरीत पहिल्या मजल्याला पाणी लागलं.

आता दवाखान्यांचं. ससून १८६७ चं, डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभं राहिलेलं, बी. जे. मेडिकल १९४६ चं. लोकांचा गोंधळ होतो तो इथे, ससून राज्याच्या वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, औंधचं जिल्हा रुग्णालय राज्याच्याच पण आरोग्य खात्याकडे, कमला नेहरू आणि नायडू महापालिकेचे, आणि कॅन्टोन्मेंटचं आणखी निराळं. रिक्षात पेशंट घालून निघालेल्या माणसाला हे कोण सांगणार. म्हणून उमेदवार 'दवाखाना देऊ' म्हणाला की कुठल्या खात्यातून, डॉक्टरची पोस्ट कोण भरणार, एवढं तरी विचारायलाच पाहिजे. इमारतीला आमदार निधी लागू शकतो, वर्षाला पाच कोटी असतो तो, पण नर्सचा पगार त्यातून होत नाही, बंद शटरचे दवाखाने आपण सगळ्यांनीच बघितलेत.

विधानसभेत आणि सरकारात बसून जे खरंच बदलतं ते वेगळं असतं. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, आधी फक्त आठ जिल्ह्यांत आणि त्यात पुणे नव्हतं, आपल्याकडे ती २०१३ च्या नोव्हेंबरात आली. कुटुंबाला दीड लाखापर्यंत. २०१७ ला तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना झालं, २०२३ ला रेशनकार्डाचा रंग न बघता सगळ्यांना आणि पाच लाखांपर्यंत असा निर्णय झाला. खाजगी हॉस्पिटलांसाठी जुना १९४९ चा नर्सिंग होमचा कायदा आहे, त्याचे नियम २०२१ ला बदलले आणि पेशंटच्या हक्कांची सनद आणि दरपत्रक दिसेल असं लावा हे त्यात आलं. पुढच्या वेळी बिलाच्या खिडकीपाशी उभे राहाल तेव्हा भिंतीकडे बघा, लावलंय का ते.

सुरक्षेचं बघायचं तर पुण्याला पोलीस आयुक्तालय १९६५ ला मिळालं, पिंपरी-चिंचवडला वेगळं व्हायला १५ ऑगस्ट २०१८ उजाडला, मधल्या काळात हिंजवडी उभं राहिलं, गाव शहरात आलं, रात्रपाळी आली. २००७ च्या नोव्हेंबरात बीपीओत रात्रपाळीला निघालेल्या एका मुलीवर कंपनीच्याच कॅबच्या ड्रायव्हरनं आणि त्याच्या साथीदारानं अत्याचार करून तिला मारलं. फाशी झाली, सुप्रीम कोर्टापर्यंत टिकली, दयेचे अर्ज फेटाळले गेले आणि तरीही २०१९ ला हायकोर्टानं ती ३५ वर्षांच्या कैदेवर आणली, का, तर सरकारी फायली हलायला प्रमाणाबाहेर उशीर झाला. हे मला फार लागतं, कारण पत्रकात कॅमेरा असतो, फाईल नसते. पण त्याच काळात एक चांगलंही झालं, २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने आणि आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती, संरक्षण आणि घरापर्यंतच्या वाहनाची सोय ही मालकाची जबाबदारी असं लिहिलं गेलं. हे विधिमंडळानं केलेलं काम आहे आणि माझ्या मते दहा चौकांतल्या कॅमेऱ्यांपेक्षा मोठं.

कॅमेऱ्यांची मागणी जोरात आली ती १३ फेब्रुवारी २०१० च्या जर्मन बेकरी स्फोटानंतर, १७ माणसं गेली त्यात, आणि २०१२ ला जंगली महाराज रोडवर स्फोट झाल्यावर आणखी. पण १९ मे २०२४ ला कल्याणीनगरमध्ये पोर्श गाडीनं दोन तरुण इंजिनियर चिरडले तेव्हा कॅमेऱ्यात सगळं होतं, प्रश्न वेगळाच निघाला, रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून सरकारी डॉक्टरांना अटक झाली. म्हणजे पत्रकातला आरोग्याचा चौकोन आणि सुरक्षेचा चौकोन एकाच टेस्टट्यूबमध्ये येऊन मिळाले. आणि २५ फेब्रुवारी २०२५ ला पहाटे स्वारगेट स्टँडवर उभ्या शिवशाही एसटी बसमध्ये एका मुलीवर बलात्कार झाला, पोलीस चौकी तिथल्या तिथेच होती.

मतदानाचं सांगताना मला थोडं घरचं सांगावं लागेल. १७ एप्रिल २०१४, लोकसभा. बाबा सकाळी सात वाजता इस्त्रीचा शर्ट घालून केंद्रावर गेले, हातात ओळखपत्र, आणि यादीत नाव नाही. आधीच्या निवडणुकीला त्याच शाळेत मत दिलेलं. टेबलावरच्या माणसानं पट्टी ठेवून दोनदा पान बघितलं, मान हलवली. त्या दिवशी पुण्यात असे खूप लोक परत गेले, आंदोलनं झाली, कोर्टात गेलं प्रकरण. बाबा घरी येऊन शर्ट न काढताच बसून राहिले, संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलले नाहीत. यादीतून नाव गायब होणं ही गोष्ट जुनीच आहे, १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत देशभरातल्या साधारण २८ लाख बायकांची नावं यादीतून काढावी लागली, बहुतेक उत्तरेकडच्या, कारण 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच लिहिलेलं आणि स्वतःचं नाव सांगायला त्या तयार नव्हत्या. पुढे १९८९ ला २१ चं वय १८ झालं, मग मशीन आलं, नोटा आलं, तरी यादी हा सगळ्याचा पाया आणि तो कच्चा राहिला की वरचं काही खरं नाही. म्हणून निवडणूक जाहीर व्हायची वाट न बघता आधीच नाव तपासा, नवीन नावाला फॉर्म ६, पत्ता बदलायला किंवा दुरुस्तीला फॉर्म ८.

पण पुण्यात गेल्या काही वर्षांत यादी असूनही मतच नव्हतं. मार्च २०२३ ला खासदार गिरीश बापट गेले, पोटनिवडणूक झालीच नाही, डिसेंबरमध्ये हायकोर्टानं घ्या म्हणून सांगितलं, जानेवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टानं त्याला स्थगिती दिली, आणि वर्षभराहून जास्त काळ पुण्याला खासदार नव्हता. महापालिकेचं तर विचारू नका, मार्च २०२२ ला मुदत संपली, प्रशासक बसले, आणि मतदान झालं थेट १५ जानेवारी २०२६ ला. जवळजवळ चार वर्षं. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न होता, प्रभाग रचनेचा होता, आणि प्रभाग रचना हा विषय कोणाच्या हातातला? राज्याच्या विधिमंडळाच्या. २०१७ ला चार नगरसेवकांचा एक प्रभाग, २०२१ ला तीनचा ठरवला, २०२२ ला सरकार बदललं की पुन्हा चारचा.

आणि याच मधल्या काळात, जानेवारी २०२५ ला, आमच्या सिंहगड रोडकडच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएस, म्हणजे गिया-बारे सिंड्रोम हा मज्जातंतूंचा आजार आला. हातापायातली ताकद जाते, काही जण व्हेंटिलेटरवर. पुणे आणि आसपास मिळून दोनशेच्या वर संशयित रुग्ण झाले, पाण्यावर संशय, कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू रुग्णांच्या तपासणीत सापडला. यातली नांदेड, किरकटवाडीसारखी गावं जून २०२१ ला महापालिकेत आली आणि मार्च २०२२ ला महापालिकाच प्रशासकाकडे गेली, म्हणजे जेमतेम आठ-नऊ महिन्यांत त्यांचा नगरसेवक निवडायचा हक्क थांबला, ग्रामपंचायत तर आधीच गेलेली. खडकवासला धरण डोळ्यांसमोर आणि घरात टँकर. माझी मावशी किरकटवाडीला राहते, त्या महिन्यात ती पाणी उकळून, गाळून, परत उकळायची, गॅस पंधरा दिवसांत संपला. ती मला विचारायची, तक्रार करायची तरी कोणाकडे रे? माझ्याकडे उत्तर होतं ते एकाच माणसाचं, आमदाराचं, कारण बाकी निवडून दिलेलं जवळ कोणी उरलंच नव्हतं.

पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी पेनानं तीन ओळी लिहिल्यात, पुढच्या वेळी दारात आले की विचारायच्या म्हणून. समाविष्ट गावांना शुद्ध केलेलं पाणी कुठल्या वर्षी, आणि त्यावर तुम्ही सभागृहात लक्षवेधी लावली का, म्हणजे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना. स्वारगेटनंतर एसटी स्टँडच्या सुरक्षेवर प्रश्न विचारला का, उत्तर काय मिळालं. आणि महापालिकेची मुदत संपल्यावर पुन्हा चार वर्षं निवडणूक लांबणार नाही यासाठी कायद्यात काही बदल मांडणार का.