शुगरची गोळी आणि फुप्फुसाची गाठ: पार्श्वभूमी

नाशिकमध्ये पेट स्कॅनला (कॅन्सर शोधायच्या तपासणीला) जाणाऱ्याला काही तास उपाशी ठेवतात. आधी बोटाला टोचून शुगर बघतात, मग किरणोत्सारी ग्लुकोजचं इंजेक्शन देतात आणि तासभर गप पडून राहायला सांगतात. फुप्फुसातली गाठ हे ग्लुकोज ओढून घेऊन स्कॅनवर उजळली की घरच्यांचा प्रश्न ठरलेला: साखर तोडली तर ती मरेल का? निफाडकडचा माणूस द्राक्षांचंही विचारून घेतो. (क्षयाची गाठही अशीच उजळू शकते, हे आपल्याकडे विसरून चालत नाही.)

साखर तोडून गाठ मरत नाही. जेवलं नाही तरी यकृत रक्तात ग्लुकोज सोडत राहतं. ऑक्सिजन असूनही गाठ ग्लुकोज पूर्ण न जाळता त्याचं लॅक्टेट करते, हे १९२० च्या दशकातच जर्मनीत दिसलं होतं. मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाकेंद्रं, बिघडल्यामुळे असं होतं, हा तेव्हाचा अर्थ मात्र टिकला नाही. २०१६-१७ मध्ये रुग्णांच्या फुप्फुसातल्या गाठी तपासल्या, तर मायटोकॉन्ड्रिया व्यवस्थित चालू होती आणि लॅक्टेटसुद्धा इंधन म्हणून जळत होतं.

शुगरच्या गोळीने गाठ रोखता येईल का, हा खरा वाद, आणि तो फिरतो एलकेबी१ या पेशीतल्या प्रथिनाभोवती. त्याचं जनुक १९९८ मध्ये सापडलं ते ओठांवर काळे डाग आणि आतड्यात गाठी येणाऱ्या एका दुर्मीळ आनुवंशिक आजारात. पेशीतली ऊर्जा घटली की एलकेबी१ हे एएमपीके नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला जागं करतं आणि ते वाढीवरचा खर्च थांबवतं, हे २००३ मध्ये कळलं. २००७ मध्ये उंदरांत दिसलं की केरास हे पेशीला वाढायला लावणारं जनुक बिघडलेलं असताना एलकेबी१ही गेलं, तर फुप्फुसातली गाठ जोमाने वाढते आणि पसरते. सगळ्यांनी हिशेब जुळवला: एएमपीके म्हणजेच गाठीच्या वाढीवरचा ब्रेक.

या हिशेबाला मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने बळ दिलं. ती एएमपीके जागं करते आणि २००५ च्या एका स्कॉटिश पाहणीत ती घेणाऱ्यांत कॅन्सर कमी दिसला होता. गोळी स्वस्त, घरोघरी असलेली, मोह होणारच. पण २०२१ मध्ये आलेल्या दोन चाचण्यांत, मधुमेह नसलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांना केमो-रेडिएशनसोबत ती देऊन फायदा झाला नाही. एका चाचणीत तर गोळी घेणाऱ्यांची स्थिती उलट वाईट निघाली.

खरं तर इशारा २०१९ मध्येच मिळाला होता. उंदरांच्या गाठींतून एएमपीके काढून टाकल्यावर त्या वाढायच्या ऐवजी खुरटल्या. उपासमारीत तग धरायला गाठीलाच ते लागत होतं! एलकेबी१ डझनभराहून जास्त प्रथिनांना जागं करतं. त्यातली एसआयके गटातली प्रथिनं ब्रेकचं काम करतात, असं त्याच वर्षीच्या प्रयोगांतून पुढे आलं. जुळवलेला हिशेब मोडायला इतकी वर्षं लागली, याचं कारण तो फार सोपा होता, असं माझं मत.

आता गाठीच्या जनुक-तपासणीच्या रिपोर्टवर एसटीके११ दिसलं, तर ते याच एलकेबी१चं जनुक. केरासच्या जोडीला ते बिघडलेलं असेल तर इम्युनोथेरपीला (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणाऱ्या उपचाराला) प्रतिसाद कमी मिळतो, हे २०१८ पासून माहीत आहे. डॉक्टर ते बघतात ते त्यासाठी, मेटफॉर्मिन द्यायला नव्हे.